चेअरमनची टोपी

आमचे हवालदार हॉटेलात चहा तोंडाने मागवत नसत, शिट्टीने मागवत. एक लांब शिट्टी म्हणजे चहा. तिच्यामागे एक तोकडी जोडली की बिनसाखरेचा. चुकून साखरेचा कप समोर आला, की ते कपावर नजर रोखून खणखणीत आवाजात म्हणत, "जैसे थे!" हॉटेलवाला मुकाट्याने कप उचलून परत नेई. पलटणीत कवायत चुकली की शिपायांना पुन्हा पहिल्या जागी आणायचं, त्याचा हा हुकूम. हवालदारांनी पलटण सोडली, पण हुकूम सोबत उंब्रजला आणला. बैलगाडी आडवी लागली तरी जैसे थे, न्हाव्याने मिशी जास्त कातरली तरी जैसे थे. मिशी तेवढी ऐकायची नाही.

मोठ्या दुष्काळानंतरचे दोन-तीन पावसाळे बरे गेले होते, तेव्हाची ही गोष्ट. रजेवर आलेल्या आमच्या जवानांनी गावाला फुटबॉलचं वेड लावलं आणि ते परत सरहद्दीवर गेले. वेड मात्र आमच्याकडे राहिलं. गावाची टीम झाली, टीमची कमिटी झाली. जर्सींचं कापड माझ्या दुकानातलं म्हणून मीही कमिटीत आलो. ऑफसाइड म्हणजे काय हे कमिटीत कुणालाच ठाऊक नव्हतं, पण त्यावरून आमच्यात दोनदा मारामारी होता होता राहिली. कोच हवा होता. तशात मारुती सावंत हवालदार माझ्या दुकानात कमिटीसमोर येऊन ताठ उभे राहिले. पूर्वी ते सांगलीकडच्या एका साखर कारखान्याच्या टीमचे कोच होते. कारखान्याचं नाव सांगत नाही, त्या भागात माझे सोयरे आहेत.

"तिथनं का सुटलासा?" कमिटीने विचारलं.

"काढला मला," हवालदार म्हणाले. "चेअरमनच्या थोबाडीत मारली."

दुकानात एकदम शांतता पसरली. बाहेरच्या माणसाला तिचा अर्थ कळायचा नाही. आमच्या भागात पाऊस पाडण्याचं खातं तेवढं साखर कारखान्याच्या चेअरमनकडे नसतं, बाकी सगळी असतात. ऊस कधी तुटायचा, पोरगं कुठे चिकटायचं, सभेत हार कुणाला पडायचा, सगळं त्याच्या हातात. त्याच्यासमोर चप्पल वाजवत चालायची चोरी, आणि हा माणूस म्हणतो थोबाडीत मारली! कमिटीने आणखी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. हवालदार त्याच दिवशी आमचे कोच झाले.

पुढे ती थोबाडीत रोज संध्याकाळी हॉटेलात नव्याने मारली जाऊ लागली. आधी ती ऑफिसात मारली होती, मग मैदानावर आली. मग तिने चेअरमनची टोपी उडाली. मग ती टोपी घरंगळत गेली. आम्ही ऐकायचो आणि आमचाच हात शिवशिवायचा. उसाची तोड लांबलेला एक शेतकरी तर ती गोष्ट ऐकायला मुद्दाम तळबीडहून यायचा आणि ऐकून झाली की निवांत चेहऱ्याने घरी जायचा.

कोच म्हणून मात्र हवालदार मोठे कडक. त्यांच्यापुढे 'बॉलला लाथ मारली' म्हणायची सोय नव्हती. "लाथ गाढव मारतंय. बॉलला पाय लावायचा." जर्सी ते स्वतः धुवायचे, परटाकडे देऊ द्यायचे नाहीत. धान्याच्या दुकानावर त्यांची एक खोली होती. बायको कधीच वारलेली, मूलबाळ नाही. खोलीबाहेरच्या दोरीवर आमची अख्खी टीम वाळत पडलेली असायची आणि हवालदार खुर्ची टाकून तिच्यासमोर बसलेले. एकेका बाहीशी पुटपुटताना मी त्यांना ऐकलं आहे. "पाटलाच्या, तू पास देत न्हाईस गड्या," असं ते एका ओल्या जर्सीला समजावत होते.

आणखी एक खोड होती. मैदानात कुणी पडलं, की रेफरीच्या आधी हवालदार आत. शिव्यांचा पट्टा चालू आणि हातात तेलाची बाटली. पडलेला आपला की परका, हे बघायची तसदीही ते घ्यायचे नाहीत. आम्ही म्हणायचो, वय झालं, लांबचं दिसत नसेल.

सगळं सुरळीत चाललं होतं. मात्र नाना गिरणीवाल्यांना पटेना. नानांची पिठाची गिरणी. भुवयांपर्यंत पांढरे, आणि गिरणीच्या आवाजात बोलायची सवय असल्यामुळे कानात सांगितलेली गोष्टही पार उंब्रज फाट्यापर्यंत जायची. टीमचा एवढा कट्टर माणूस दुसरा नव्हता. आपला गोल झाला की ते गिरणी बंद करत आणि आपल्यावर बसला तरी बंद करत, त्यामुळे मॅचच्या आठवड्यात गाव भातावर असे.

"पटत न्हाई," नाना एक दिवस माझ्या दुकानात येऊन म्हणाले. "मागल्या बारीला टोपी पांढरी हुती. काल काळी झाली."

"सांगण्याच्या भरात होतं हो," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ दे टोपी. मी चौकशी केली. ह्येंच्या भावाचा ऊस त्याच कारखान्याला जातूय. दरसाल टायमावर! पैल्या तोडीत!"

आता मात्र माझ्या हातातली कात्री थांबली. चेअरमनच्या थोबाडीत मारणाऱ्या माणसाच्या भावाचा ऊस खरं तर फडात उभा वाळून खडंग व्हायला हवा. पाखरांनीसुद्धा त्याच्यावर बसू नये. तो पहिल्या तोडीत जातो, याचा अर्थ एकच. थोबाडीत बसलीच नव्हती.

"मग काढलं कशापायी?" नाना म्हणाले. "फायनल हारल्यावर काढलं म्हनं. म्हंजी मॅच इकली असनार."

बाहेर एस.टी.ची वाट बघणारी माणसं वळून बघू लागली. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावात कुणाला माहीत नाही असं राहिलं नाही. हॉटेलात शिट्टी वाजली की लोक एकमेकांकडे बघायचे. कमिटी बसली आणि ठरलं, की संक्रांतीनंतर आपल्या मैदानावर स्पर्धा आहेत, तो कारखानाच खेळायला येतो आहे, चेअरमन स्वतः येणार आहेत. तेव्हा सगळ्यांसमोर विचारायचं. हवालदारांनी मॅच विकली असेल तर शिट्टी काढून घ्यायची. मला फार वाईट वाटलं. त्या माणसाला टीम सोडून जगात दुसरं काही नव्हतं, आणि हे कमिटीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

मॅचच्या सकाळी हवालदार दुकानात आले. शिट्टी गळ्यात, पण वाजवलेली नाही.

"मला ताप हाय," ते म्हणाले. "आज तुमी बगा टीमकडं."

मी कपाळाला हात लावला. माठासारखं गार.

"आत हाय ताप," हवालदार म्हणाले आणि मान खाली घातली.

मी म्हणालो, "हवालदार, आज आला नाहीत तर लोक नको ते खरं धरतील." ते उठले, टोपी सारखी केली आणि मैदानाकडे निघाले.

इतके लोक मैदानात कधी लोटले नव्हते. त्यातले निम्मे फुटबॉल बघायला आलेच नव्हते. जीप आली, चेअरमन उतरले आणि सगळ्या गावाने आधी त्यांच्या डोक्याकडे बघितलं. डोक्यावर टोपीच नव्हती. पांढरी की काळी, हा वाद तिथेच अधांतरी राहिला. नाना दात खात म्हणाले, "हे बी ठरवून केल्यालं दिसतंय."

मॅच सुरू झाली. कारखान्याचा गोलकीपर उंचापुरा, कानामागे भला मोठा व्रण असलेला. आमची पोरं बॉल मारून थकली, पण त्याच्या हातातून काही सुटेना. आणि आमचे कोच? ते आमच्या टीमकडे बघतच नव्हते. त्या गोलकीपरकडे टक लावून उभे. तो झेपावला की हे डोळे मिटत, उठला की उघडत. शेवटी त्याने खांबाजवळ उडी मारून आमचा नक्की गोल अडवला आणि हवालदारांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

"बगा! बगा!" नाना ओरडले. "आजबी इकली!"

आम्ही एका गोलने हरलो. शेवटची शिट्टी झाली तशी गर्दी चेअरमनभोवती गोळा झाली. हवालदार बाजूला उभे होते, पार उतरलेला चेहरा घेऊन. नानांनी सरळ विचारलं, आणि नानांचं विचारणं म्हणजे सगळ्या मैदानाने विचारणं.

"चेअरमनसायेब, ह्या मानसानं तुमच्या थोबाडीत मारली हुती, ह्ये खरं हाय का?"

चेअरमनच्या माणसांचे चेहरे काळेठिक्कर पडले. चेअरमननी आधी नानांकडे बघितलं. मग त्यांनी हवालदारांकडे बघितलं. हवालदारांची नजर जमिनीला खिळलेली. चेअरमननी सावकाश हात वर नेला आणि स्वतःचा गाल चोळला.

"आजून दुखतंय," ते म्हणाले.

काय आरडाओरडा झाला म्हणून सांगू! आम्ही मॅच हरलोय हे लोक विसरून गेले. तळबीडचा तो शेतकरी तर नाचत होता. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. आमचे हवालदार खरे होते!

चेअरमन चहाला माझ्या दुकानात आले. आत ते, मी आणि नाना एवढेच. नानांना अजूनही चैन नव्हतं.

"खरं सांगू का, नाना?" चेअरमन कपातला चहा बशीत ओतत म्हणाले. "त्या मानसानं मला कवा बोटबी लावलं न्हाई."

नाना बाकावरून पुढे सरकले.

"फायनल हुती आमची. समोरच्या टीमचा गोलकीपर खांबावर आपाटला. रगात थांबंना. आमचं लोक म्हनत हुतं, बरं झालं, आता गोल करा. आनी ह्ये हवालदार आत पळालं, त्याला खांद्यावर घेतलं, माझ्या जीपमदी टाकलं आनी ड्रायव्हरला म्हनालं, मिरज! मला इचारलंबी न्हाई. मी उसाच्या गाडीवर बसून घरला आलो."

"आनी मॅच?" नानांना राहवेना.

"हारली की! कोच न्हाई, टीम सैरभैर. लोक माझ्या वाड्यावर आलं, म्हनालं, दुसऱ्याच्या पोरापायी आपली फायनल घालवली, काढा त्याला. मी घाबरलो आनी काढला." चेअरमननी बशी खाली ठेवली. "तवा त्यो दवाखान्यात त्या पोराच्या उशाला बसून हुता. पोराचं घर लांब, कुनी आलं नव्हतं. शुद्धीवर येताना पोरानं 'आई' म्हनून हाक मारली, तर ह्यो बाप्या 'आलो रं' म्हनून उठला. नर्स सांगत हुती. आज गोलात हुता की, तोच त्यो पोरगा. मीच घेतला कारखान्यात."

"आनी भावाचा ऊस?" नाना हळू आवाजात म्हणाले. नानांना हळू आवाज होता, हे मला त्या दिवशी कळलं.

"तोडीची पैली टोळी मी सोता धाडतो. दुसरं काय करनार? थोबाडीत त्यानं मारली न्हाई. मारायला पायजे हुती."

चेअरमन गेले. खिडकीतून मैदान दिसत होतं. हवालदार त्या गोलकीपरचं डोकं उजेडाकडे वळवून कानामागचा व्रण तपासत होते, आणि एवढा उंच गडी गुडघे वाकवून मुकाट उभा होता. बहुधा त्याला खांबाजवळ उडी मारल्याबद्दल शिव्या बसत होत्या.

थोड्या वेळाने हवालदार दुकानात आले. गळ्यातली शिट्टी काढली आणि फळीवर ठेवली.

"चेअरमन माज्यापायी सगळ्यांदेखत खोटं बोललं," ते म्हणाले. "मला न्हाई सोसायचं ते. खरं तुमाला कळलं असंल. मी मारली न्हाई."

"मग बोललासा कशाला तसं?" मी विचारलं.

"तुमी इचारलं, का काढला. आता म्हननार काय, पोराला दवाखान्यात न्यायला मॅच सोडली? असला रडका कोच कोन ठिवनार? मारनारा कोच सगळ्यांस्नी पायजे असतो." त्यांनी शिट्टी फळीवर जरा आत सरकवली. "आनी मला तर टीम पायजे हुती."

त्या ओल्या जर्सींसमोर टाकलेली खुर्ची डोळ्यांपुढे आली. हवालदार दारापर्यंत गेलेसुद्धा. तेवढ्यात मागे फुर्र असा चमत्कारिक आवाज झाला. नानांनी शिट्टी तोंडात घातली होती. पीठ शिट्टीत गेलं होतं, थोडं त्यांच्या डोळ्यांतही गेलं असावं.

"हवालदार!" नाना गिरणीच्या आवाजात ओरडले. "जैसे थे!"

हवालदारांचे पाय आपोआप जुळले. गर्रकन वळून ते फळीसमोर ताठ उभे राहिले, आणि नानांनी शिट्टी पुन्हा त्यांच्या गळ्यात अडकवली.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात विट्याकडचा एक व्यापारी आला होता. गळ्यातली शिट्टी बघून त्याने चौकशी केली, आधी कुठे होतात, ते का सोडलंत. हवालदारांनी कपात बघितलं.

"चेअरमनच्या थोबाडीत मारली ह्येंनी," नाना मोठ्याने म्हणाले. "मी सोता चेअरमनच्या तोंडनं ऐकलंय."

"काय सांगता! मग?"

"मग काय? टोपी उडाली." नाना हवालदारांकडे वळले आणि टोपीच्या रंगाचा प्रश्न त्यांनी कायमचा मिटवून टाकला. "तवापासनं चेअरमननी टोपी घालायचीच सोडली!"