ब्लाऊज सैल करून मिळणार नाही

सुगराआपांकडे ब्लाऊज सैल करायला नेला की त्या आधी ब्लाऊजकडे बघत नसत, बाईकडे बघत. तेही डोक्यापासून टाचेपर्यंत, व्यापारी पोत्यात हात घालून कापूस बघतो तसं. मग गळ्यातली टेप काढून म्हणत, "भिंतीला पाठ लावा."

मी पहिल्यांदा गेले तेव्हा जवळा बाजार या गावी बदली होऊन मला जेमतेम महिना झाला होता. मी झेडपीच्या शाळेत शिक्षिका. नवरा परभणीला नोकरीला, मी इथं एका खोलीत. दोन दिवसांवर शाळेचा कार्यक्रम होता आणि साडीवरचा ब्लाऊज दंडात चढत नव्हता. शेजारीण म्हणाली, "आपांकडं जावा. हात लई चांगला हाय. फक्त जरा ऐकून घ्यावं लागतंय."

मी भिंतीला पाठ लावली. आपांनी माझ्या दोन्ही खांद्यांवर एकेक बोट ठेवलं, एक डोळा मिटला आणि म्हणाल्या, "उजवा खांदा दीड बोट खाली हाय. काहून?"

"मला काय माहीत?"

"खांदा तुमचा हाय म्याडम, माझा न्हाई." मग त्यांची नजर माझ्या पर्सवर गेली. त्यांनी ती उचलून बघितली. आत वह्यांचा गठ्ठा, डबा, पाण्याची बाटली. "हे सगळं रोज ह्याच खांद्यावर? गाढवीनसुद्धा दोन्ही बाजूंनी वझं घेते."

"आपा, परवा कार्यक्रम आहे. तेवढा ब्लाऊज सैल करून द्या ना."

"सैल करून मिळणार न्हाई. कापडाची काय चूक? ते शिवलं तसंच ऱ्हायलंय. सकाळी उठून हात असे वर, वीस बार. परवा चाळीस."

ब्लाऊज घेऊन त्या आत गेल्या, "टाके बघते" म्हणून दहा मिनिटं लावली आणि परत माझ्या हातात ठेवला. मी फणफणत घरी आले. उगीच घालून बघितला तर आरामात बसला. त्यांनी गुपचूप शिवण सोडली होती. पण हे कबूल करायला त्या कधीच तयार झाल्या नाहीत. "त्या हात वर केल्यानं झालं," असंच म्हणायच्या.

आपा तेव्हा पन्नाशीच्या आत-बाहेर होत्या. ठेंगण्या, काटक, नाकावर जाड चष्मा, आणि टेप गळ्यात इतकी कायम की लग्नालाही त्या तशाच जात. "बराबर उभी ऱ्हा!" हे त्यांचं पेटंट वाक्य. ते त्या दुकानात म्हणत, एसटीच्या थांब्यावर म्हणत, भाजी घेताना भाजीवालीला म्हणत. एका लग्नात स्टेजवर नवरीला आहेर देताना त्यांनी तिच्या कानात हे सांगितलं. पण आपांचं कानात सांगणंही चौथ्या रांगेपर्यंत जायचं. नवरी ताठ झाली, तिच्या मागच्या करवल्या ताठ झाल्या, आणि खाली जेवणाच्या पंगतीतल्या बायकाही पाठी सरळ करून बसल्या.

हे वेड त्यांना लागलं कसं, ते त्यांनीच मला सांगितलं. बावीस वर्षं शिलाई मशीनवर वाकून त्यांची मान अडकली. "नमाज संपताना दोन्हीकडं तोंड वळवून सलाम करायचा असतोय म्याडम. माझं तोंड उजवीकडं वळंनाच. वरसभर मी एकाच बाजूला सलाम करून राहिले होते." शेवटी नांदेडला एका दवाखान्यात गेल्या. तिथं पोरसवदा डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीच्या पाठीमागं काड्यांची माणसं काढून सात व्यायाम दिले. तीन महिन्यांत मान वळली.

दुसरी एखादी शिंपीण असती तर खुश होऊन परत मशीनवर बसली असती. आपांना राग आला. "पाच मिनिटाची गोष्ट. बावीस वर्षांत मला कुणी काहून सांगितली न्हाई?" त्या दिवसापासून येईल त्या गिऱ्हाइकाला त्या सांगत सुटल्या. मग कळलं, व्यायाम शिकवायचा रीतसर कोर्सही असतो. सहा महिने दर रविवारी एसटीने नांदेडला जाऊन त्यांनी तो केला. वर्गात सगळ्या विशी-बाविशीच्या मुली. आपा सलवार-कमीजवर ओढणी कमरेला घट्ट बांधून पहिल्या रांगेत. इंग्रजी नावं त्यांच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी सरळ आपली नावं ठेवली. वॉर्म-अप म्हणजे "मशीनला तेल". स्क्वॉट म्हणजे "चुलीपुढची बैठक". प्लँक म्हणजे "फळी". आणि कोअर, म्हणजे पोटाचे ते सगळे स्नायू, ती "नाडीची जागा", परकराची नाडी बांधतो तिथली. तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, कोअर म्हणजे काय? आपांनी छातीठोकपणे सांगितलं, "नाडीची जागा." सर आधी हसले, मग जरा विचारात पडले, आणि पास केलं.

ते सर्टिफिकेट त्यांनी फ्रेम करून दुकानात लावलं. पण भिंतीवर आधीच ब्लाऊजच्या गळ्यांची चित्रं होती, त्यामुळे नव्या बायका त्याकडे बोट दाखवून विचारायच्या, "आपा, ह्यो गळा कोणता?"

दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये संध्याकाळी पाच ते सहा क्लास सुरू झाला; शाळा सुटली की मीही जाऊ लागले. खरी अडचण पुढेच होती. व्यायामाला जाते असं घरी सांगायची कुणाची टाप होती? दिवसभर शेतात वाकणाऱ्या बाईला आणि कसली कसरत पाहिजे, असंच कुणीही म्हणालं असतं. म्हणून प्रत्येक बाई घरून "ब्लाऊज टाकायला चालले" म्हणून निघायची. हातात पिशवी, पिशवीत ब्लाऊजपीस. शेडच्या दारात पंधरा-वीस पिशव्या खिळ्यांना लटकलेल्या असत. बाजूच्या तांड्यावरची कविता राठोड होती, तिचा हिरवा ब्लाऊजपीस आठ महिने रोज येऊन-जाऊन घडीवर पांढरा पडला होता.

आणि एक दिवस कविताची सासू, जमनाबाई, आली.

आम्ही सगळ्या फळीत होतो. कोपर जमिनीवर, पाय मागे, अंग थरथरतंय. आपा मधून फिरत होत्या, "नाडीच्या जागी दम धरा, दम धरा!" तेवढ्यात दारात जमनाबाई उभी राहिली. उंच, हाडाची मजबूत, कपाळावर आठ्या.

"टेलरीन कोण हाय?" ती म्हणाली. "आठ महिने झाले माझ्या सुनेचा ब्लाऊज होऊन राहिला. त्याला दोन बाह्या हायेत का वीस?"

कविता धपकन पोटावर पडली. बाकीच्या आम्ही तशाच, ना धड वर ना खाली. माझ्या शेजारच्या दोघी हळूच उठून पिशव्या काढायला लागल्या. हे तांड्यावर गेलं की गावात यायला एक रात्र पुरे, आणि मग क्लास संपलाच, हे सगळ्यांना कळत होतं. आपांनाही. त्यांनी काहीतरी थाप मारावी म्हणून मी डोळ्यांनी खुणावत होते.

आपा शांतपणे म्हणाल्या, "ब्लाऊज न्हाई शिवत मी. तुमची सून शिवून राहिले. बाळंतपणापास्नं कंबर उसवलीय तिची. भरलेली घागर उचलंना."

"आमी बी लेकरं काढली. पाच. आमाला न्हाई लागली असली थेरं."

"व्हय? मंग बसा बरं इथं खाली."

जमनाबाई हट्टाने खाली बसली.

"आता उठा. हात टेकायचा न्हाई."

जमनाबाईने एकदा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा केला. "ए याडी!" असं आईच्या नावानं ओरडली. तिसऱ्यांदा कविताच पुढे झाली आणि तिच्या खांद्याचा आधार घेऊन जमनाबाई उभी राहिली. शेडमध्ये कुणी हसलं नाही. ती बराच वेळ आपल्या गुडघ्यांकडे बघत होती.

"ह्याला काय करायचं?" शेवटी तिने विचारलं.

"उद्या पाचला या."

"आन घरी काय सांगू?"

"सांगा, ब्लाऊज टाकायला चालले."

दुसऱ्या दिवशी दारातल्या खिळ्यांवर एक पिशवी जास्त होती.

पुढे पिशव्या आपोआप बंद झाल्या. एकाच्या दोन बॅच झाल्या. औंढ्याहून मंदिराजवळच्या दुकानदारांच्या बायकांचं बोलावणं आलं, मग कळमनुरीहून. तीन मशीनची आपांची शिलाई एका मशीनवर आली. रिक्षातून उतरताना ड्रायव्हरलाही त्या सुनावत, "पाठ बघा जरा स्वतःची." आम्ही त्यांची नक्कल करून हसायचो. त्यांना ते माहीत होतं, आणि मला वाटतं, आवडतही होतं.

चौथ्या उन्हाळ्यात माझी आई गेली. सुट्टी परभणीत कशीबशी काढली आणि जूनमध्ये शाळेला परत आले. शाळेत सगळे म्हणाले, "मॅडम, किती बारीक झालात! ही आपांची कमाल." क्लासला गेले तर तिथंही तेच. कविता कौतुकाने माझ्या सैल ब्लाऊजची बाही चिमटीत धरून सगळ्यांना दाखवत होती. मीही हसले. आपांनी मात्र त्या दिवशी मला साधं "दम धरा" सुद्धा म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी मी क्लासला गेले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

संध्याकाळी दार वाजलं. आपा. हातात कापडात बांधलेला डबा. इतक्या वर्षांत त्या माझ्या खोलीवर पहिल्यांदाच आल्या होत्या. सरळ आत येऊन त्यांनी गॅसच्या शेगडीवरून बोट फिरवलं आणि ते बोट मला दाखवलं. बोटावर धूळ होती.

"शाळेत जेवते मी," मी म्हणाले.

"ती खिचडी लेकरांची हाय." त्यांनी खाली पेपर अंथरला, डबा सोडला. ज्वारीच्या भाकरी, अंबाडीची भाजी, ठेचा. "तुमच्यासाठी वेगळ्या तव्यावर केलंय. बसा."

"भूक नाही आपा."

"मी इचारलं न्हाई."

मी बसले. दुसऱ्या घासाला रडायला आलं. आपांनी समजूत घातली नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. मांडी घालून बसल्या होत्या, भिंतीकडे बघत. मग म्हणाल्या, "सलीमचे अब्बा गेले तवा मी बी अशीच झाले होते."

त्यांचे यजमान मी गावात यायच्या आधीच वारले होते आणि मुलगा सलीम पुण्याला असतो, एवढंच मला ठाऊक होतं. त्याबद्दल त्या कधी बोलत नसत.

"चार महिन्यांत माझे कुर्ते मलाच सैल. गिऱ्हाईकं यायची, म्हणायची, आपा, काय मस्त दिसून राहिल्या, कसं केलं सांगा की. मी हसायची. एकीनं बी इचारलं न्हाई म्याडम, की आपा, जेवलात का."

मी डोळे पुसले. विचारलं, "आपा, जेवलात का?"

त्या गडबडल्या. डब्याचं झाकण उगीच पुसायला लागल्या. "मी खाते नंतर. मशीनवरच."

"मशीनवर?"

"एकटीसाठी खाली कापड अंथरून दस्तरखान काय मांडायचा म्याडम?"

मी एक भाकरी त्या झाकणात ठेवली, वर भाजी घातली आणि त्यांच्यापुढे सरकवली. मग त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला आणि पहिला घास मोडला.

तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही एकत्र जेवायचो, कधी माझ्या खोलीवर, कधी त्यांच्या घरी. क्लासमध्ये त्या मोठ्याने जाहीर करत, "आज म्याडमचा डायट तपासायचाय." दोन वर्षं तपासला. मग माझी बदली झाली.

आता मी हिंगोलीत असते, नवराही इकडे आला आहे. गुरुवारी सात वाजले की तो न सांगता आपलं ताट घेऊन टीव्हीपुढे जातो. मी वाढून घेते, फोन ताटाशेजारी उभा करते आणि आपांना लावते.

"वाढलं का?" तिकडून आवाज येतो.

"वाढलं. तुम्ही?"

"हौ. मांडलाय दस्तरखान. करा सुरू."

मग आम्ही जेवतो. बोलणं फारसं होत नाही. शेवटी तिकडे तांब्यातून पाणी ओतल्याचा आवाज येतो. तो आला की मला कळतं, आपांचं पोटभर झालं.