ऐंशी मार्कांची काच

खिडकी निवडण्यात माझा हात धरणारा माणूस ठाण्यापासून आंबिवलीपर्यंत सापडायचा नाही! असं मी शांताबाईला सांगितलं, तेव्हा ती पोळ्या लाटत होती. चाळीस वर्षं तिनं लोकांचे डबे केले. दुपारची झोप तिला ठाऊकच नाही. मी म्हटलं, "शांता, आता डबे बंद! पश्चिमेच्या लाकडी खिडक्या काढतो, काचा लावतो. दुपारी गार हॉलमध्ये तू आडवी पडशील. नदीवरचे बगळे दिसतील. ढग इतके हळू जातील, की बघता बघता तुझा डोळा लागेल."

"अहो, आधी काचा तर आणा," ती म्हणाली. पण लाटणं क्षणभर थांबलं होतं.

नौपाड्यातल्या दुकानात अनिमेष नावाच्या मालकानं दोन काचा दाखवल्या. एकीच्या चिठ्ठीवर ०.८०, दुसरीच्या ०.२५. बाजूला बारीक इंग्रजी.

"काका, उन्हासाठी हा आकडा..."

"मला वाचता येतं!" पन्नाशीत रात्रशाळेतून दहावी झालेला माणूस मी, छत्तीस टक्के! मला कोण मार्क शिकवणार? पस्तिसाला पास. ऐंशी म्हणजे पहिल्या बाकावरची काच, पंचवीस म्हणजे सरळ नापास! "ऐंशीवाली हॉलला. ती नापास बाथरूमला टाका, तिथं कोण बघतंय?"

"काका, तुम्ही उलटं करताय..."

"बिल करा!"

पहिल्या दुपारी आम्ही दोघं हॉलमध्ये आडवे पडलो. बगळे दिसले. ढगही दिसले. मग ढग सरले आणि सूर्य पाहुण्यासारखा चपला काढून आत येऊन बसला! फरशीचा तवा झाला. मला स्वप्न पडलं, मी पापड आहे आणि कोणीतरी मला उलटतंय. जागा झालो, तर शेजारी खरेच पापड!

"चांगदेवभाऊ, जरा सरकता का?" शेजारच्या सरोजवहिनी चादर पसरत होत्या. "गच्चीपेक्षा तुमच्याकडे लवकर वाळतात हो!"

चौथ्या दिवशी कुरडया आल्या, पाचव्या दिवशी मिरच्या. "पडदा तरी लावा," वहिनी शिंकत म्हणाल्या. ऐंशी मार्कांच्या काचेला पडदा? छे!

शांताबाई मात्र पुन्हा हॉलमध्ये आडवी पडेना. जेवणं झाली की उशी घेऊन कुठंतरी नाहीशी व्हायची. रुसली असणार. दिलेला शब्द आठवून मला घास गोड लागेना.

रविवारी माजिवड्याहून मुलगा आला, रत्नदीप. काचेवरची चिठ्ठी मी प्रशस्तिपत्रासारखी जपली होती. ती वाचून तो मटकन खाली बसला, थेट पापडांवर!

"बाबा, हे मार्क नाहीत! काच उन्हाची किती उष्णता आत सोडते, त्याचा आकडा आहे. जितका कमी, तितकं घर गार."

"मग ऐंशी? पंचवीसवाली तर मी नापास ठरवली!"

"शंभरातले ऐंशी भाग ताप तुमच्या हॉलमध्ये! आणि पंचवीसवाली कुठाय?"

आम्ही बाथरूमचं दार हळूच लोटलं. आत नदीच्या तळाशी असावा तसा निळसर उजेड. पाटावर शांताबाई, भिंतीला उशी, उशीवर डोकं. चक्क घोरत होती!

"शांता?"

तिनं एक डोळा उघडला. "अहो, म्हणाला होतात तस्संच गार आहे. बगळे तेवढे नाहीत." आणि डोळा मिटला.

हॉलची काच बदलायची आहे, पण वहिनींच्या मिरच्या अजून ओल्या आहेत. तोवर दुपारी आमच्याकडे आलात तर चहा मागा, पापड मागा. फक्त बाथरूम मागू नका.