पाचावरचा काटा

साल एकोणीसशे चौऱ्याऐंशी. त्या साली नानांची आरामखुर्ची पुढच्या खोलीच्या खिडकीतून उठून मधल्या खोलीत कपाटाआड आली, कारण खिडकीतल्या उजेडात त्यांच्या धाकट्या सुनेनं आपलं कामाचं टेबल मांडलं होतं. खुर्ची गेली याचं दुःख नानांनी मोठ्या आवाजात सोसलं.

धाकटी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. एक कारखाना तपासणीची यंत्रं बनवायचा, म्हणजे इतर यंत्रांची नाडी बघणारी यंत्रं. पण बाहेर विजेचा दाब कमीजास्त झाला की या वैद्याचीच नाडी चुकायची. म्हणून त्यांना असा पॉवर सप्लाय हवा होता, की बाहेर काहीही होवो, यंत्राला मिळायचे ते नेमके पाच व्होल्ट. धाकटीनं तो घरच्या घरी बनवला होता आणि आज कारखान्याचे खरेदीसाहेब तो बघायला येणार होते.

"पास झालं तर टेबल तुझं," नानांनी निकाल आधीच देऊन ठेवला होता. "नापास झालं तर खुर्ची माझी. खिडकीसकट."

"मांजरानं तर केव्हाच नापास केलाय," नानांच्या पत्नी माई म्हणाल्या.

ते खरं होतं. टेबलावर आधी असलेला जुन्या पद्धतीचा सप्लाय जास्तीची वीज नुसती उष्णता करून उधळायचा. तो तव्यासारखा तापायचा आणि मांजर दिवसभर त्याच्यावर पसरलेलं असायचं. नव्याला त्यानं एकदा पंजा लावून बघितला आणि अपमान झाल्यासारखं निघून गेलं.

"थंड राहतो हाच त्याचा गुण आहे, माई," धाकटी म्हणाली. "जुना म्हणजे नळ सदा उघडा आणि जास्तीचं पाणी मोरीत. नव्याचा नळ एकतर पूर्ण उघडा, नाहीतर पूर्ण बंद. सेकंदाला हजारो वेळा उघडझाक. बादलीतली पातळी जरा उतरली की नळ किंचित जास्त वेळ उघडा, चढली की किंचित कमी. त्यामुळे पातळी जागची हलत नाही."

"आणि लक्ष कोण ठेवतं?"

"तोच. स्वतःच मोजतो, स्वतःच दुरुस्त करतो. कुणी सांगायला लागत नाही."

माईंनी कपाटाआडच्या खुर्चीकडे एक नजर टाकली. "असं आपल्या घरात पहिल्यांदाच आलंय हो काही."

साहेब आले तेव्हा सप्लाय चालूच होता. ऐन वेळी रुसायला नको म्हणून धाकटीनं तो आठवडाभर बंदच केला नव्हता. टेबलावर दोन मीटर होते. एकावर घरात येणाऱ्या विजेचा दाब, दुसऱ्यावर सप्लायमधून निघणारे पाच व्होल्ट. साहेबांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं आणि दुसऱ्या मीटरच्या काचेवर टिचकी मारली.

"हा काटा अडकलाय."

"अडकला नाही, स्थिर आहे," धाकटी म्हणाली.

"बाई, मागे एकानं मला असाच स्थिर काटा दाखवला होता. घेऊन गेल्यावर कळलं, डिंकानं चिकटवलेला!"

कपाटाआड खुर्ची करकरली.

"माई, हीटर लावा," धाकटी म्हणाली. माईंनी आंघोळीच्या पाण्याचा हीटर लावला. पहिला काटा धपकन खाली आला, दिवा मंदावला. दुसरा काटा पाचावर.

"बघा, बाहेरचा दाब उतरला, तरी इथे पाचच."

"एक नाचतोय, एक मेलाय," साहेब म्हणाले. "मेलेल्यापुढे तुम्ही गाणं म्हणताय."

धाकटीनं इस्त्री लावली. माईंनी न सांगता शेगडीही लावली. पंख्याची पाती मोजता येऊ लागली. काटा पाचावर. साहेबांनी पुन्हा टिचकी मारली, मग नाक काचेला टेकवून डिंक दिसतो का ते पाहिलं.

आता नाना उठले. खिडकी अगदी हाताशी आली होती, नुसतं गप्प बसलं तरी मिळणार होती. पण डिंक म्हणजे फारच झालं. ते सपाता घालून जिन्यात गेले आणि शेजारच्या शिंपीणकाकूंचं दार ठोठावलं.

"काकू, तुमची मोठी इस्त्री लावा!"

"लावते की. कपडे कुठायत?"

"कपडे नकोत, नुसती तापवा! आमच्या सुनेला खोटं पाडतायत!"

काकूंनी इस्त्री लावली आणि वरच्या मजल्यावर निरोप पोचवला. निरोप वर जाताजाता वाढला. कुणी हीटर लावले, कुणी शेगड्या, खाली कुणीतरी पाण्याचा पंप सुरू केला. जिन्यातून एकच विचारणा सुरू झाली, "हलला का?" आणि नाना कठड्यावरून ओरडत होते, "नाही! अजून लावा!"

खोलीतला दिवा निखाऱ्यासारखा लाल झाला. पहिला काटा दीडशेच्याही खाली लोळत होता. दुसरा पाचावर, ताठ.

"बघा साहेब!" नाना धापा टाकत आत आले. "सगळी इमारत वाकली, पण आमचा काटा वाकला नाही!"

"आमचा" हा शब्द माईंनी टिपून ठेवला.

"तेच म्हणतोय मी," साहेब शांतपणे म्हणाले. "अडकलाय."

एवढ्यात शिंपीणकाकूंना आठवलं, की आपल्याकडे दुसरी इस्त्रीही आहे.

फट्!

जिन्यातला मुख्य फ्यूज उडाला. पंखा, पंप, दिवे, सगळं गप्प. पाचावरचा काटा डोळ्याचं पातं लवेपर्यंत तसाच थांबला आणि मग सावकाश शून्यावर येऊन पडला. धाकटीचे डोळे भरून आले. नाना मटकन स्टुलावर बसले.

"अरे!" साहेब ओरडले. "हलला! हलतो की हा!" लॉटरी लागल्यासारखा त्यांचा चेहरा फुलला. "डिंक नाही! म्हणजे इतका वेळ तो खरोखरच पाचावर होता? एवढ्या सगळ्यात? बाई, आमच्या प्रत्येक यंत्रात हाच बसणार!"

जिन्यातून आरडाओरडा सुरू झाला. "फ्यूज कुणी उडवला हो?"

नाना छाती काढून दारात उभे राहिले. "आमच्या सुनेनं!"

साहेब गेल्यावर माई पदर सारखा करत म्हणाल्या, "एक विचारू? सप्लायचं बटण बंद केलं असतं, तर काटा खाली आलाच असता ना?"

धाकटीनं सप्लायच्या बटणाकडे पाहिलं.

"माई," ती म्हणाली, "सहा महिने तो पडू नये म्हणून जिवाचं रान केलं. पाडावा, हे सुचणार कसं?"

पुढे त्या टेबलाचा कारखाना झाला. तिथे पाहुण्यांना सप्लाय दाखवताना आजही आधी बटण बंद करून काटा पाडून दाखवतात. खरेदीसाहेब निवृत्त झाले तरी टिचकीची सवय सुटली नाही, भाजीवाल्याचा तराजूही त्यातून वाचला नाही. शिंपीणकाकू शेवटपर्यंत सांगत, की खरं काम त्यांच्या दुसऱ्या इस्त्रीनं केलं. माईंनी घरात नवीन काहीही आलं, की पहिल्यांदा त्याचं बटण बंद करून बघायचा नेम धरला.

टेबल खिडकीतच राहिलं. खुर्ची मात्र नानांनी आपण होऊन त्याच्या शेजारी आणून ठेवली आणि येईल त्याला ती गोष्ट सांगितली. दरवर्षी त्यांच्या गोष्टीत बाहेरचा दाब आणखी उतरे. शेवटी शेवटी तो चाळीसपर्यंत आला होता, पण काटा मात्र त्यांनी कधी पाचावरून हलू दिला नाही. मांजरही खिडकीत परतलं, नानांच्या मांडीवर. माई म्हणायच्या, "त्याला कळतं. हे जुन्या पद्धतीचे आहेत, तापतात."