द्रोणागिरी कुठं ठेवू?

दिगंबरराव खांद्यावर भरलेली कळशी घेऊन तीन जिने चढायचे, पण ती खाली ठेवायचे नाहीत. दारात उभे राहून माझ्या आईला विचारायचे, "सांगा माय, द्रोणागिरी कुठं ठेवू?" आई बोट दाखवेपर्यंत कळशी खांद्यावरच.

दुष्काळाची वर्षं होती. शहर बीड बायपासच्या पलीकडे पसरत चाललं होतं आणि उस्मानपुऱ्यातल्या आमच्या इमारतीत मात्र टँकरचं पाणी खालच्या हौदात पडायचं. वर न्यायचं ज्याचं त्यानं. माझी कंबर धरलेली, म्हणून तळमजल्यावरचे दिगंबरराव आमचं पाणी भरायचे. वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त, बिनलग्नाचे आणि मारुतीचे भक्त.

भक्त म्हणजे कसे? आईनं एकदा डोकेदुखीची गोळी मागवली, तर पाच प्रकारच्या घेऊन आले. "वळखू आली नाय माय. मारुतीला तरी संजीवनीची मुळी कुठं वळखू आली? इचारत बसला का? समदा डोंगर उचलला." आई खूश. वर मला ऐकवायची, "तुला मीठ आणायला सांगितलं तर चिठ्ठी मागतोस."

मला हे सोसायचं नाही. लिहायला लाज वाटते, पण पाण्यापेक्षा गोष्टीचा राग जास्त होता. कळशी ठेवली की ते आईजवळ बसून मारुतीची गोष्ट सांगायचे आणि ऐन मोक्याला उठायचे. "बाकी उद्या." मग आई दिवसभर दाराकडे डोळे लावून. मी कचेरीतून आलो की म्हणायची, "तू व्हय."

शेवटी मी घरोघर फिरून सगळ्यांना राजी केलं आणि हौदावर मोटार बसवली. लोक म्हणाले, केवढी धडपड करतो हा माणूस सगळ्यांसाठी. मला फक्त दिगंबररावांचे जिने बंद करायचे होते.

नळाला पाणी आलं. दिगंबरराव यायचे थांबले.

रविवारी जेवताना आई म्हणाली, "तुझ्या मोटारीपायी मारुती अडकून बसलाय."

"कुठं?"

"सुरसेच्या तोंडात. समुद्रावर ती आडवी आली, हा तोंडात शिरला, ती तोंड मिटायला लागली अन् दिगंबर उठला."

"पुढचं तुला ठाऊक नाही?"

"लहानपणापासून पाठ आहे. अंगठ्याएवढा होतो अन् निसटतो. पण दिगंबरला सांगायचं असतं ना. खाली कोण ऐकतंय त्याचं? भिंती?"

मी हात धुतले आणि नळाची चावी फिरवून बंद केली. गॅलरीतून खाली पाहिलं. दिगंबरराव हौदाच्या कट्ट्यावर बसले होते, शेजारी रिकामी कळशी.

"दिगंबरराव, आमच्या नळाला पाणी येईना."

त्यांनी वर बघितलं. शेजारच्या घरातला नळ धो धो वाहत होता. तो त्यांनाही ऐकू येत असणार.

"मोटार बिघडली जणू," ते म्हणाले आणि कळशी हौदात बुडवली.

दारात आले तेव्हा धापा टाकत होते. "सांगा माय, द्रोणागिरी कुठं ठेवू?"

आई माझ्याकडे बघत राहिली.

"इथं ठेवा," मी म्हणालो, "आणि बसा. तोंड मिटत आलं होतं. पुढं?"