हिरव्या पुड्याची कामगिरी

शिंच्यू शहरातल्या त्या कारखान्यात प्रत्येक यंत्रावर मक्याच्या खाऊचा एक हिरवा पुडा ठेवलेला असे. पुडा असला की यंत्र शहाण्यासारखं वागतं, हे तिथल्या झाडून सगळ्या अभियंत्यांना मान्य होतं. हिरवाच का, तर हिरवा दिवा म्हणजे चालू. पुड्यातलं खायचं नाही आणि मुदत संपण्याआधी पुडा बदलायचा, हे दोन नियम कुणी मोडत नसे. बाकीचे नियम भिंतीवर लावलेले होते.

त्सेंग वेनलियांगकडे गार पाण्याचा पंप होता. रोज सकाळी तो पंपाच्या जाळीतला गाळ काढी, कान लावून बेअरिंगचा आवाज ऐके आणि हात धुऊन निमूट टेबलाशी बसे. तीन वर्षांत पंप एकदाही बंद पडला नव्हता. शेजारच्या लुओचा पंप मात्र दर महिन्याला बसे. मग लुओ हेल्मेट घालून धावत येई, फोनवर ओरडे, तोंडाला ग्रीस फासून घेई आणि संध्याकाळपर्यंत पंप सुरू करून दाखवी. झुओ साहेब त्याला स्वतः चहा पाजत.

विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली तेव्हा ती आपल्यालाच मिळणार, असं त्सेंगने बायकोला सांगून टाकलं. बायकोने ते माहेरी सांगितलं. आता माघार नव्हती.

"बस, आ-लियांग," झुओ साहेब त्सेंगला जवळिकीने म्हणाले. "तुझ्या पंपाचा अहवाल वाचला. काहीच घडलेलं नाही त्यात."

"हो साहेब."

"मग तू करतोस काय दिवसभर?"

"काही घडू नये ते बघतो."

"पुरावा?"

"पंप चालू आहे की."

"तो पुड्याचा पुरावा झाला रे. पुडा रात्रंदिवस पंपावर असतो. तू घरी जातोस. लुओला बघ, काम करताना दिसतो तरी."

वर्षअखेरच्या मेजवानीत बढती लुओला मिळाली. उत्कृष्ट सेवेचं मानचिन्ह त्सेंगच्या पंपावरच्या पुड्याला मिळालं. पुड्याला बोलता येत नसल्याने ते त्सेंगने स्वीकारलं आणि यापुढेही अशीच सेवा घडेल, असं आश्वासन पुड्याच्या वतीने दिलं. जागेवर येऊन बघतो तर ताटातल्या उकडलेल्या कोंबडीचं डोकं कुणीतरी त्याच्याकडे वळवून ठेवलेलं. जुन्या रिवाजाप्रमाणे डोकं ज्याच्याकडे, त्याची नोकरी नव्या वर्षात नाही.

"तूही एकदा पंप बंद पाडून दाखव ना," घरी बायको म्हणाली.

"मला नाही गं जमायचं. पाप वाटतं."

"मग काहीच करू नकोस. रजा टाक. काही न करणं तुला छान जमतं, साहेबच म्हणाले ना?"

त्सेंगने नोकरीतली पहिली रजा टाकली. थोड्याच दिवसांत जाळी गाळाने बुजली, पंप बसला आणि त्याच्यामागे अख्खा कारखाना. लुओने तोंडाला ग्रीस फासून पाहिलं, उपयोग झाला नाही. चौकशी समिती तडक पुड्याकडे गेली. पुड्याची मुदत आदल्याच दिवशी संपली होती. जाळी उघडून बघायची गरज कुणाला वाटली नाही, कारण कारण सापडलेलं होतं.

त्सेंगला घरून बोलावून आणलं. त्याने सगळ्यांसमोर पुडा बदलला आणि टाळ्या चालू होत्या तेवढ्यात जाळी साफ करून घेतली. पंप गुरगुरला.

"आजवर पुडा कोण बदलत होतं?" झुओ साहेबांनी विचारलं.

"मीच, साहेब."

"अरे, मग बोलला का नाहीस?" साहेबांनी त्याच्यासाठी चहा मागवला. "आम्ही समजत होतो, तू नुसता पंपाकडे बघतोस."

त्सेंग आता मुख्य पुडा-अभियंता आहे, लुओच्या दोन पायऱ्या वर. नव्याने लागलेल्या पोरांना तो पहिल्याच दिवशी सांगतो, "जाळी रोज साफ करा. पण साहेब येताना दिसले की पुडा हलवा. हे मला कुणी वेळेवर सांगितलं असतं, तर माझी तीन वर्षं वाचली असती."

झुओ साहेबांना तुम्ही हसला असाल, तर खुशाल हसा. तुमच्या गाडीची लिंबू-मिरची दर शनिवारी न चुकता बदलली जाते. गाडीचे ब्रेक बघणाऱ्या मेकॅनिकचं नाव काय म्हणालात?