लिंबूमिठाची परीक्षा

"लिंबूमीठ म्हणजे काय, लिंबाची साल आणि मीठ! डाव्या हाताचा मळ!" बाबांनी लेकीसमोर जाहीर केलं.

आईला जाऊन आठ महिने झाले होते. तिच्या हातचं लिंबूमीठ बाटलीच्या तळाशी जेमतेम दोन चमचे उरलं होतं, आणि तस्संच नवं करायचा बाबांनी विडा उचलला होता. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस! डोळ्याला भिंग लावून, सालीचा पांढरा धागा न् धागा चिमट्याने वेचत त्यांनी चार दिवसांत चार वाट्या मीठ तयार केलं. जणू लिंबांचं ऑपरेशनच चाललं होतं!

रविवारी परीक्षेला मावशीला बोलावलं.

"भावोजी, खायला काही आहे की नुसतंच मीठ?"

"काकडी आहे!"

पाचव्या वाटीत बाबांनी आईची बाटली उपडी केली.

"बाबा, सगळं नको! चिमूटभर तरी ठेवा!"

"चिमूटभराने तिघांना चव कळायची नाही."

त्यांनी प्रत्येक वाटीच्या बुडाला चिठ्ठी डकवली, रंगावरून ओळखता येऊ नये म्हणून पडदे ओढले आणि डोळे मिटून वाट्यांची अदलाबदल केली. नियम एकच: नापास वाटी ताबडतोब सिंकमध्ये, म्हणजे घोळ नको!

पहिली वाटी बरी होती. दुसरी चाखताच मावशीचं तोंड वाकडं झालं.

"शी! कडू! भावोजी, साली जाळल्यात की काय?"

"नापास!" लेकही म्हणाली. आईच्या मिठाची असली नक्कल तिला सहन होईना.

बाबांनी निमूटपणे वाटी सिंकमध्ये पालथी केली आणि वर नळ सोडला.

तिसरी ठीकठाक. चौथीला मात्र तिघंही थबकली.

"हेच!" मावशीने वाटीवर बोट ठेवलं. "ताईचंच!"

बाबांनी वाटी उचलून खालची चिठ्ठी वाचली. 'माझं, तिसरा प्रयत्न.'

"जमलं! मला जमलं!" त्यांनी चक्क गिरकी घेतली.

"मग आईचं कुठलं?" लेकीने विचारलं.

पहिल्या वाटीखाली 'माझं'. तिसरीखाली 'माझं'. पाचवीखालीही 'माझं'!

नळ अजून वाहत होता. लेकीने सिंकमधली वाटी उचलली. शाई ओघळली होती, पण 'तिचं' एवढं वाचता येत होतं.

तिने नळ बंद केला. मग मावशीलाच आधी हसू फुटलं. "ताई कधी धड किसायची का! फोन मानेत धरून गप्पा, आणि किसणी पार पांढऱ्यापर्यंत! कडू होईल नाहीतर काय!"

"मला कधी कडू लागलंच नाही," बाबा म्हणाले.

त्यांनी पडदे उघडले, एक लिंबू घेतलं आणि खसाखसा किसायला लागले.

"बाबा, पांढरं येतंय!"

"येऊ दे!"

कीस मिठात चोळून तिघांनी चाखला. मावशीने डोळे घट्ट मिटले.

"भावोजी, हे ताईच्याहून भयंकर झालंय!"

बाबांनी पुन्हा वाटीत बोट बुडवलं. मग मावशीने. लेकीने आणखी एक काकडी कापायला घेतली.