तुळशीरामभाऊ आणि चार शॉकअप

आमच्या गल्लीत सगळ्यांचं दही घरात लागायचं. तुळशीरामभाऊंचं गाडीत लागायचं, आणि तेही गाडी चालू असताना.

भर चैत्रात दुपारी बाराला ते कोमट दुधाला विरजण लावायचे, गंज, म्हणजे ते पातेलं, दोन उशांच्या मधे घट्ट बसवायचे आणि इंजिन सुरू करायचे. अमरावतीहून बडनेऱ्यापर्यंत जायचं, तिथून परत, वाटेतला एकही खड्डा चुकवायचा नाही. चार वाजता आमच्या दारासमोर गाडी थांबवून झाकण काढायचं. दह्याला चीर गेलेली दिसली की यांचा चेहरा उतरलाच.

"पाहा वहिनी, फुटलं. दह्याचे हे हाल, मंग माणसाच्या हाडाचं काय होत असंन?"

ते फुटलेलं दही मग गल्लीत वाटलं जायचं. त्या दिवसांत आमच्याकडे कढी इतक्या वेळा झाली, की आमचे हे, शाळेत मास्तर, शाळा सुटल्यावर आधी दारात उभे राहून वास घेत आणि मगच चपला काढत.

गोष्ट साठ-एकसष्टची असेल. तुळशीरामभाऊ पलटणीत ड्रायव्हर होते, लढाईत ब्रह्मदेशापर्यंत गाडी नेलेले. लढाई संपल्यावर लष्कराच्या जुन्या गाड्यांचा लिलाव झाला, त्यात त्यांनी एक अॅम्ब्युलन्स घेतली आणि तिचंच घर केलं. आत दोन्ही बाजूंना खाटा, कोपऱ्यात स्टोव्ह, टपावर पाण्याची टाकी, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. ड्रायव्हरची जागा आणि घर यांच्यात एक जाळीची खिडकी. जाळीच्या वर बुद्धाचं लहानसं चित्र, तेही चारही बाजूंनी खिळे मारून पक्कं केलेलं. छप्पन सालानंतर आमच्या सगळ्यांच्याच घरी ते चित्र आलं, पण खिळे फक्त यांच्याकडे.

भाड्यानं खोली का घेत नाही, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "घरमालक आज हासून राहिला, उद्या कावून हासणार नाई ते कोण सांगंन?" म्हणून आमच्या बाजूच्या रिकाम्या जागेत हे चालतं घर चार वर्षं विटांवर उभं होतं. चाललं मात्र एक फूटही नव्हतं. खालच्या प्रत्येक विटेवर चुन्याची खूण होती, कोणी रात्रीतून बदलू नये म्हणून. आता अमरावतीत विटा बदलून नेणारा चोर कोण, हे विचारायची आमची हिंमत नव्हती.

"यात गोम हाय," हे त्यांचं पेटंट वाक्य. पोस्टमननं वेळेवर पत्र दिलं, यात गोम हाय. भाजीवालीनं मागायच्या आधीच कोथिंबीर टाकली, यात गोम हाय. मी चहा दिला तर आधी माझ्याकडे बघायचे. मी एक घोट घेतला, की मग त्यांची बशी ओठाला लागायची. मला राग यायचा, पण त्यातही एक बरं होतं: आमच्या सासूबाईंसमोर मला बसून चहा प्यायला मिळे.

त्यांच्यासोबत त्या गाडीत त्यांची थोरली बहीण राहायची. आम्ही सगळे तिला अक्काच म्हणायचो. बारीकशी, गोरीगोमटी, जिभेनं तिखट. आई लवकर गेली म्हणून या भावाला तिनंच कडेवर वाढवलं. ती म्हणायची, "याले पाळण्यात टाकलं तवा बी हा आधी पाळण्याची दोरी पाहे." तीन वर्षांमागे विहिरीच्या पायरीवरून अक्का पडली, कंबरेचं हाड गेलं आणि ती खाटेला खिळली. मागे एकदा तिला टांग्यातून दवाखान्यात नेलं होतं. जाऊन येऊन मैलभरही नसेल, पण परत आली तेव्हा दातांखाली धरलेल्या पदराला रक्त होतं. डॉक्टर म्हणाले होते, पुन्हा जोराचा झटका बसला तर पाय कायमचे जातील.

अक्काची एकुलती एक लेक, चंद्रभागा, वरूडला दिलेली. लग्नाला आठ वर्षं झाली तरी मूल नव्हतं. त्या वर्षी मुलगा झाल्याचा निरोप आला. संध्याकाळी अक्का भावाला म्हणाली, "मले त्या पाळण्यापाशी नेऊन बसव. मंग काई मागणार नाई."

नाव ठेवायचा कार्यक्रम सव्वा महिन्यानं होता. झालं, चालतं घर चालवायचं ठरलं. विटा निघाल्या, इंजिन खोकत खोकत सुरू झालं. मिस्त्रीनं गाडीखाली पडून सांगितलं, पाटे चांगले आहेत, पण शॉकअप चारही मेलेत. मला काय समजणार, तर भाऊंनी समजावलं. पाटे, म्हणजे स्प्रिंगा, गाडीला झेलतात, पण एकदा झेललं की ते नाचतच राहतात. त्यांना गप्प बसवायला प्रत्येक चाकापाशी एक तेल भरलेली नळी असते. ती मेली की गाडी बोकडासारखी उड्या मारते. मी म्हटलं, म्हणजे ही नळी घरातली सासूबाई. ते हसले नाहीत, पण आतून अक्का हसली. दह्याच्या त्या फेऱ्या याच दिवसांतल्या; तेवढा वेळ अक्काला खाटेसकट आमच्या ओसरीवर ठेवायचे.

मग सुरू झाल्या अकोल्याच्या वाऱ्या. दोन दिवसांआड सकाळच्या रेल्वेनं पिशवी घेऊन जायचे आणि संध्याकाळी तीच पिशवी रिकामी घेऊन यायचे. गल्लीत कुजबुज सुरू झाली. इस्त्री केलेला सदरा, केसांना तेल, आणि पिशवीत काही नाही. अकोल्यात नक्की कोणीतरी बाई आहे, असं ठरलं. खोटं कशाला सांगू, ठरवणाऱ्यांत मी होते.

आणि एका सकाळी हा माणूस माझ्याच दारात उभा. म्हणे, "वहिनी, आज अकोल्याले चाला माह्यासोबत. तुमची नजर पाहिजे मले." मला वाटलं, आता त्या बाईला दाखवायला नेतो की काय. आमच्या ह्यांनी रजा टाकली आणि तेही सोबत निघाले. संशयाचा आजार असा पसरतो बघा.

अकोल्यात आम्ही गेलो ते मोटारीच्या सामानाच्या दुकानात. काउंटरवर काळे चकचकीत शॉकअप ओळीनं मांडलेले. दुकानदार गोड बोलत होता, अस्सल माल, खोक्यातला. भाऊंनी एक नळी उचलली, फरशीवर उभी धरून दांड्यावर सगळं वजन टाकलं. दोनतीनदा दाबल्यावर तोंडाशी तेलाचा एक थेंब आला. तो त्यांनी बोटानं टिपून माझ्या तळहातावर लावला.

तेव्हा मला समजलं, माझी नजर नाही, माझं नाक पाहिजे होतं. माझं माहेर तेलघाणीच्या मागच्या वस्तीतलं. आम्ही पोरी डोळे मिटून सांगायचो, हे जवसाचं, हे करडीचं. मी थेंब चोळला, हुंगला. मोटारीच्या तेलाचा वास वरवर होता, आणि खाली आपला घरचा, ओळखीचा.

"भाऊ," मी म्हटलं, "हे सरकीचं तेल आहे. यात भजी तळा."

दुकानदार म्हणाला, बाईमाणसाला मोटारीतलं काय कळतं. मी म्हटलं, मोटारीतलं नाही कळत, तेलातलं कळतं. जुन्या नळ्या, वरून नवा रंग आणि आत गाळलेलं सरकीचं तेल. कापसाच्या मुलखात दुसरं काय स्वस्त मिळणार. तुळशीरामभाऊंनी नळी काउंटरवर परत ठेवली. बाहेर आल्यावर मात्र रस्त्यातच थांबून मला हात जोडले. त्या दिवसापासून चहाचा पहिला घोट मी घ्यायचा, ही पद्धत बंद झाली.

शॉकअप शेवटी मिळाले ते त्याच बाजारातल्या भंगारवाल्या करीमचाचांकडे. भाऊंनी तिथे सहा नळ्या बाजूला काढल्या, तर चाचा आपल्याच मालाकडे बोट दाखवून म्हणाले, "हवलदार, ये दो ले जाओ. बाकी सब बेकार है." भाऊ त्यांच्याकडे बघतच राहिले. दुकानदारानं स्वतःच्या मालाला नावं ठेवलेली त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली असावी. मी वाट बघत होते गोमेची. ती आलीच नाही. उरलेल्या दोन नळ्यांसाठी चाचांनी आठ दिवस थांबायला सांगितलं, आणि हा माणूस, ज्यानं पोस्टमनवर विश्वास ठेवला नाही, तो आठ दिवस थांबला.

चार शॉकअप बसले. दुपारी बाराला दूध विरजून गाडी बडनेऱ्याला गेली, चारला परत आली. झाकण काढलं, दही आरशासारखं. मी टाळ्या वाजवणार, तोच ते गंजात वाकून म्हणाले, "इतकं घट्ट कसं काय? दुधात काई टाकलं असंन त्या गवळ्यानं." मग दुसऱ्या गवळ्याचं दूध, मग तिसऱ्याचं. तीनही दिवस दही आरशासारखं लागलं, तेव्हा कुठे वरूडला निघायचा दिवस ठरला.

त्या सकाळी अक्काची खाट आतून दोरांनी बांधली. मी तिच्याजवळ बसले, आमचे हे पुढे भाऊंच्या बाजूला. अक्कानं नवं लुगडं नेसलं होतं आणि मुठीत नातवासाठी चांदीचे वाळे धरले होते. गाडी निघाली तेव्हा तिनं पदर दातांखाली धरला. पहिला खड्डा गेला. दुसरा गेला. गाडी वर गेली आणि पाण्यातल्या नावेसारखी खाली येऊन गप्प बसली. अक्कानं हळूच पदर सोडला.

जाळीतून दर दोन मिनिटांनी आवाज यायचा, "अक्का, लागलं काय?" ती म्हणायची, "नाई रे, चाल." मैलामैलाला तेच. अर्ध्या वाटेवर ती वैतागून म्हणाली, "तू विचारतं तवाच दुखते मले." बाहेर संत्र्याच्या बागा सुरू झाल्या. खिडकीतून वारा येत होता, आणि तीन वर्षांत पाठ टेकून नीट न झोपलेली ती बाई बोलता बोलता झोपली. तिला जाग येऊ नये म्हणून मीही गप्प झाले. माझ्यासारख्या बाईला ते किती जड गेलं ते माझं मलाच ठाऊक.

मोर्शीच्या थोडं अलीकडे पुढून आवाज आला, "अक्का?" मी ओठांवर बोट ठेवलं, पण त्यांचं लक्ष रस्त्यावर. "अक्का, लागलं काय?" मग गाडी हळूहळू बाजूला येऊन उभी राहिली.

मागचं दार उघडलं तेव्हा मी त्यांना ओळखलंच नाही. चेहरा राखेसारखा झालेला. माझ्याकडे न बघता ते वर चढले आणि हाताची उलटी बाजू अक्काच्या नाकापाशी धरली. बराच वेळ धरली. मग पायरीवर बसले.

मी म्हटलं, "झोपली आहे भाऊ. गाडी इतकी गुमान चालली, की झोपली."

ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "ब्रह्मदेशात मागं जखमी पोरं कन्हत राहत, वहिनी. एकेका खड्ड्याले ओरडत. मी रस्त्याले शिव्या देऊ देऊ चालवे. थांबायचा हुकूम नव्हता. मंग मागचा आवाज एकेक करून बंद होये." त्यांनी पायरीवरची धूळ हातानं पुसली. "आवाज बंद झाला का मले समजे."

अक्का हलली. डोळे न उघडताच म्हणाली, "आलं काय वरूड?"

"नाई अक्का. मोर्शी येऊन राहिली."

"मंग थांबला कावून?"

"इंजन तापलं," ते म्हणाले. अक्का पुन्हा झोपली.

त्यांनी तिच्या अंगावरची चादर सारखी केली. उतरताना दारात थांबले आणि मान खाली घालून मला म्हणाले, "तिले झोपू द्या वहिनी. पण तुमी बोलत राहा. काईही बोला."

दार लागलं, गाडी निघाली. मग मी मोर्शीपासून वरूडपर्यंत झोपलेल्या बाईशी बोलत राहिले. माहेरचं सांगितलं, घाणीवरच्या बैलाचं सांगितलं, सासूबाईंचं तर सगळंच सांगितलं. आमचे हे समोर बसून ऐकतायत हेही विसरले. गाडी बागांमधून चालली होती, अक्काचा श्वास संथ होता, आणि माझं वाक्य संपलं की जाळीपलीकडून तुळशीरामभाऊ, लहान पोरानं गोष्ट ऐकताना द्यावा तसा, हुंकार देत होते.